कस

सावद्याच्या दवाखान्यातली सिंधू फेगडे
दुसऱ्याच्या रक्ताची सुई चुकून टोचून घेऊन आली.
कावीळ ब. तिच्या तीन डोसांना बावीस वर्षं झालेली.
मी रक्त लावलं : अँटिबॉडी चार.
दहा तरी हवी.
"म्हणजे गेलं वाया सगळं?"
ती स्टुलावरच बसून राहिली
केळीवेफर्सचा पुडा न फोडता.

एक डोस पुन्हा दिला.
दहाव्या दिवशी आकडा हजाराच्या वर.
"इतकी वर्षं कुठं होतं गं हे?"

कुठं म्हणजे, सिंधूताई,
माझे वडील जळगावच्या सराफबाजारात
कस लावायला बसायचे.
दागिना कधी घडवला नाही,
पाटीवर नाव नाही, तिजोरीची किल्ली नाही.
सोनार सोन्याची कड पुढे करायचा :
"बापू, वयखं का?"
बापू काळ्या दगडावर रेघ ओढायचे,
तेजाबाचा थेंब, थोडं थांबणं,
आणि मग : "तेच शे."
तेवढ्यावर भट्टी पेटायची.

आठवणीच्या बी पेशी तशा निजून असतात.
लशीतलं आलेलं गिळतात, फोडतात,
त्यातली एक कपची बाहेर धरतात.
टी पेशी ती बघते. मदतनीस म्हणतात तिला.
अँटिबॉडी ती एकही करत नाही.
फक्त म्हणते, तेच शे,
आणि एकीच्या हजार होतात.

त्याच महिन्यात अमळनेरचा एक बँडवाला.
नाव लिहीत नाही. क्लॅरिनेट वाजवतो.
लस जुनी, आठवणही असणार,
पण त्याच्या त्या मदतनीस पेशी मोजून साठ उरलेल्या.
डोस दिला. महिन्यानं आकडा : तीन.
त्याच्याही बी पेशींनी कपची पुढे धरली असेल,
वयखं का, वयखं का,
आणि गादीवर कुणी नसेल.

बापू गेले तेव्हा दुकानात
सोनं तपासायचं मशीन आलं होतं.
दगड मी मागून आणला.
आता तो रिपोर्टांवर ठेवते, पंख्यानं उडतात म्हणून.
रिपोर्टांवर सही डॉक्टरांची असते.

आठ महिने गोळ्या चुकवल्या नाहीत त्यानं.
साठचे तीनशे चाळीस झाले. मग पुन्हा डोस.
काल रक्त देताना म्हणाला,
"लग्नसराईच्या आधी सांगा हां, ताई."
मशीन फिरतंय.
मी दगडावरून अंगठा फिरवत बसलेय.