डाख

रविवारी पहाटे अडेरोनं ॲम्प्लिफायर आणला
हातगाडीवर, चादरीत गुंडाळून,
तापल्या पोराला आणतात तसा.
"रात्री मयताच्या घरी, नाव पुकारतानाच गेला.
'झकारिया ओगु' एवढंच बाहेर आलं.
उरलेलं त्याच्या घशातच राहिलं."

झाकण काढलं. आत चिलटंच चिलटं.
किसुमूच्या किनाऱ्यावर
सरोवरातून धुरासारखी उठतात ती,
दिव्याला भुलतात, पंख्याच्या जाळीतून आत शिरतात
आणि मरतात तेव्हा ओली असतात.
तांब्याच्या दोन वाटांमधल्या केसभर जागेत
त्यांचा लगदा साचला,
वीज आडवाटेनं गेली.

बोर्डावर शिलिंगाएवढा काळा डाग.
ओसेवे मिस्त्रींचा हात आता कापतो.
ते स्टुलावर बसून नुसता वास घेतात, सांगतात,
"कोळसा खरवड. सगळा. कोळशातूनही वीज जाते.
जळलेलं तसंच ठेवून वर डाख दिलास
तर आठवड्यात तिथंच पुन्हा जळेल."

खरवडते. आधी ब्लेडनं, मग दाताच्या ब्रशनं, स्पिरिटनं.
हिरव्याखाली पिवळट काचधागे लागतात,
आणि मग आरपार भोक.
जुन्या टेलिफोनच्या तारेतला एक धागा सोलून
भोकाला वळसा घालून पूल टाकते.
दोन ट्रान्झिस्टर नवे.
एका रेझिस्टरचे रंगीत पट्टेच जळालेत,
पण डाव्या बाजूचा जुळा भाऊ शाबूत आहे,
त्याच्याकडे बघून याचा आकडा लिहायचा.

आता मेनच्या आड शंभरचा बल्ब.
पेटून तसाच राहिला, तर हरलो.
अडेरोला वाटतं, उजेड म्हणजे बरं.
बल्ब पेटतो. तिचा चेहरा उजळतो, माझा उतरतो.
मग तो पिवळा होतो, लाल होतो,
विझतो.
"अरे देवा," ती म्हणते.
मिस्त्री पोट धरून हसतात,
दोन दात उरलेत, दोन्ही दिसतात.

गाणं नाही लावलं.
आत जाणाऱ्या तारेला नुसतं बोट टेकवलं,
आणि स्पीकरमधून आलं,
जाड, घोगरं,
गोष्ट ऐकणाऱ्यानं द्यावं तसं:
हूं.

अडेरोनं माइक उचलला, फुंकर मारली,
आणि रात्रभर तोंडात धरून ठेवलेलं अक्षर
सोडलं:
ता.