अंगठ्याचं माप

पहाटे सव्वापाचला चावी फिरवली
की धनकवडीची आमची अख्खी गल्ली जागी.
आधी एक उचकी, मग ती किंकाळी,
ओल्या फरशीवरून कुणी स्टीलचं पिंप ओढत न्यावं तशी.
दिवे लावले की आणखी वरच्या पट्टीत.
पिंगळेकाका गॅलरीतून विचारायचे,
"काय हो, कुणाला कापताय?"
रोज तेच, आणि रोज स्वतःच हसायचे.

नव्व्याण्णव सालची ओम्नी.
मागे नव्वद डबे, कात्रजच्या हॉस्टेलांचे,
पुढे मी, आणि माझ्या बुडाखाली इंजिन.
एवढ्या वर्षांत ते कधी बघितलं नव्हतं,
उन्हाळ्यात चटका बसायचा तेवढीच ओळख.

बालाजीनगरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटच शोधलं आधी.
मग म्हणाला, आल्टरनेटर गेलाय, साडेसहा हजार.
मी म्हटलं, बघते, सांगते.
म्हणजे नाही. त्यालाही कळलं.

नाना पेठेत मुर्तझाभाई दुकानातून उतरून आले.
मागे टेम्पो हॉर्न देतोय, हे निवांत.
सीट उचललं, गाडी चालूच ठेवायला लावली,
आणि स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी
चार थेंब सोडले फिरत्या पट्ट्यावर.
किंकाळी अशी उठली की टेम्पोवाला गप्प.
"ढिला आहे. घसरतोय. झिजून गुळगुळीतही झालाय.
दोनशे ऐंशीचा बेल्ट देतो, बाकी तुमचे हात.
बारा नंबरचा पाना आहे ना?
आणि फार ताणू नका ताई,
फार ताणलात तर पट्टा गप्प बसेल, बेअरिंग बोलेल."

रविवारी संध्याकाळी डबे नसतात.
सीटखाली सापडलं ते असं:
दोन रुपये, चिंचोका, डब्याची एक रबरी रिंग
जिच्यासाठी मी मागे सगुणाला बोलले होते.
सगुणा मोबाइलचा उजेड धरून उभी होती.
तिने रिंग बघितली. मी बॅटरीची वायर काढायला घेतली.

बोल्ट हलेना. खोबरेल घातलं, चहा घेतला,
मग हलला, आणि हात सुटून
दोन बोटांची सालं गेली.
जुना पट्टा निघाला तो भेगाळलेला,
आतून चकचकीत, कोपराच्या कातड्यासारखा.
नवा घातला. आता आल्टरनेटर मागे रेटायचा
आणि रेटलेलाच धरून बोल्ट आवळायचा.
हे दोन हातांचं काम नाही, तीन हातांचं.
सगुणा आत गेली, मोठ्या कढईचं
लोखंडी उलथणं घेऊन आली.

मी रेटलं. तिने मधोमध अंगठा दाबला.
"पुरणपोळीची कणीक झाली ही. सैल."
रेटलं.
"आता पुरीची. एवढी नको, ते भाई काय म्हणाले?"
जरा सोडलं.
तिने दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं.
वीस वर्षं रोज दहा किलो कणीक मळलेला तो अंगठा.
"पोळीची," म्हणाली. "आवळा."

चावी फिरवली.
काही नाही.
म्हणजे इंजिन चालू होतं, पण काही नाही.
दिवे लावले, वायपर लावले, उगाच हॉर्नही दिला.
सगुणाने जुना पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला,
तिच्या न्हाणीच्या पत्र्याला बांधायला.
जाताना म्हणाली, "ती रिंग माझ्याकडे द्या. धुऊन लावते."

सोमवारी पिंगळेकाका गॅलरीत आले तेव्हा
मी वळणावर पोचले होते.
आरशात दिसले, तोंडात ब्रश,
काहीतरी राहून गेल्यासारखे उभे.

कात्रजच्या चढाला पहिल्यांदाच
मागचे डबे ऐकू आले, एकमेकांना लागणारे.
आणि त्यांच्याही खाली काहीतरी,
बारीक, टक टक टक,
कधीपासूनचं असेल कोण जाणे.
मुर्तझाभाईंना विचारायला हवं.

आधी सीट उचलून बघते.