कोरे अंगठे

डोळ्यांवर चितेंजे कापडाची पट्टी,
तळहातावर साबणाऐवजी जांभळी शाई.
"धुवा," म्हणाल्या सिस्टर नामालोम्बा,
आणि मंगोचीच्या त्या वर्गात
बारा जणी पाण्यावाचून हात चोळत राहिल्या.

पट्ट्या सुटल्या. हशा पिकला.
तळवे जांभळे, बेचक्यासुद्धा जांभळ्या,
अंगठे तेवढे सगळ्यांचे कोरे.

थोकोझानीला वाटलं, एवढंच ना!
सरोवराकाठी आईबरोबर मासे साफ करून
हात तर तिनं लहानपणापासून धुतले होते.

सिस्टर हसल्या नाहीत.
रबरी बाहुली तिच्यापुढे ठेवली:
"हिची नाळ बांध."

तिनं दोरा गुंडाळला, गाठ मारली, घट्ट दाबली.
मग बघतच राहिली,
कशानं दाबली ते.

बादलीच्या तोटीखाली, न सांगता,
तिनं सुरुवात केली
अंगठ्यापासून.