नालखेकड्यांच्या नावे

वादळानंतर सहा महिन्यांनी
आमच्या काउंटी कचेरीत फॉर्म आला, एकवीस पानी.
गाव: पेल्स लँडिंग, डेलावेअर उपसागर.
घरं चौतीस. रस्ता एक,
त्यातला अर्धा आता पाण्यात.
तक्ता सातमध्ये लिहायचं होतं:
वाळूवर घातलेल्या एका डॉलरमागे
वाचेल किती.

मी तीनदा बेरीज केली.
लाकडी घरं, खांबांवर उभी,
होड्यांपेक्षा थोडी महाग.
पलीकडे, खुल्या समुद्राच्या अंगाला,
हॉटेलांच्या रांगांचा आकडा आपोआप जमतो;
तिथं दर तीन वर्षांनी ड्रेजर येतो
आणि जाडजूड नळ रात्रंदिवस
समुद्राचा तळ किनाऱ्यावर ओकत राहतात.
आमचा आकडा आला चौसष्ट सेंट.
मी पेन्सिलीनं लिहिला,
जणू खोडून चालणार होतं.

सभा अग्निशमन केंद्रात झाली.
बंब बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या,
जमिनीवर तेलाचे डाग.
राजधानीहून आलेले साहेब मऊ आवाजात म्हणाले,
'नियोजित माघार'.
विल्बर्ट शेपर्ड उठला,
कालवं फोडून फोडून बोटं वाकडी झालेला.
म्हणाला, माघार लढणाऱ्यानं घ्यायची.
आम्ही कुठं लढत होतो?
आम्ही राहत होतो.
पडद्यावरचा नकाशा पुढं सरकला.

इथं भरती दिवसातून दोनदा येते.
भरपाई एकदाच.

लेटा बॅटननं सगळ्यांच्या शेवटी सही केली.
मी कागद घेऊन गेले तेव्हा
तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर
पाण्याच्या चार रेघा दाखवल्या, चार वादळांच्या.
सगळ्यात वरची, ताजी, तिच्या हनुवटीला लागत होती.
हे कुठं लिहितात? तिनं विचारलं.
मी 'शेरा' या रकान्यावर बोट ठेवलं.
रकाना दीड इंचाचा.
तिनं त्यात लिहिलं, 'हनुवटीपर्यंत',
आणि तारीख टाकली.

जेसीबीला एक घर पाडायला चाळीस मिनिटं लागली,
जेवणाची सुट्टी धरून.

आणि मग, दोन वर्षांनी, वाळू आली.
ट्रकमागून ट्रक,
पाइनच्या जंगलामागच्या खाणीतली,
जाडसर, गुळाच्या रंगाची.
वरातीमागून घोडं, असं म्हणणार होते,
पण ही वरातच वेगळी होती:
खातं वन्यजीवांचं,
निधी नालखेकड्यांच्या नावे.
मे महिन्यात ते वाळूत अंडी घालतात,
आणि पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेले
तांबड्या पोटाचे पक्षी
इथं उतरतात, अर्धमेले, ती खायला.
त्यांच्या अर्जात तक्ता सात नव्हताच.
मी पानं उलटून दोनदा खात्री केली.

पौर्णिमेच्या रात्री गेले पाहायला.
पाण्याच्या काठानं ओल्या शिरस्त्राणांची गर्दी,
एकमेकांवर आपटल्याचा
बशा विसळल्यासारखा आवाज.
पुढं एक वाकलेली सावली:
लेटा, रबरी बुटांत,
अकरा मैलांवरच्या भाड्याच्या खोलीतून आलेली.
लाटेनं उताणे पडलेले खेकडे
एकेक करून पालथे घालत होती.
शेपटीला धरायचं नाही, ती म्हणाली,
कडेला धर, ताटासारखं.
मी धरलं.
खालचे दहा पाय हवेत चालत होते.

एका जागी ती थांबली.
इथं माझा ओटा होता.
तिथं एक मादी वाळू उकरत होती,
अंगावर शेवाळं, पाठीला शिंपले चिकटलेले,
कुणालाही न विचारता.
लेटानं टॉर्च विझवली.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
पुढच्या वादळात ही वाळू गेली तर?
मी म्हटलं, तरतूद तीन वर्षांचीच आहे.
पुरे, ती म्हणाली,
अंडी महिन्याभरात फुटतात.
आणि पुढच्या उताण्याकडे वळली.