पाणी जोखताना

झिवायच्या तळ्यापासून दोन रस्ते आत
पत्र्याच्या छपराखाली प्रयोगशाळा.
वीज असते तोवर आस्कालेच घाई करते,
गेली की कॉफीचं मडकं निखाऱ्यावर ठेवते.

आज गाढवगाडीवरून आलं आहे
गमेचूच्या गावचं पाणी, पिवळ्या डब्यात.
नितळ. वास नाही. चव गोडसर.
"विहीर चांगली लागली," तो म्हणतो
ओठ फारसे न उघडता.

ती लाल द्रावण मोजून घालते.
क्युवेट धरायची ती खरखरीत बाजूंनी;
गुळगुळीत काचेवर बोट उमटलं
तर यंत्र तेही पाण्याच्याच नावावर मांडेल.
पुसते, लहान मुलाचं नाक पुसावं तशी,
आणि झाकण लावते.

पाचशे सत्तर नॅनोमीटर.
एवढा एकच उजेड आत, बाकीचे सगळे दाराबाहेर.
आधी शुद्ध पाण्याची कुपी, तिच्यावर शून्य.
मग गमेचूचं पाणी.
इथला हिशेब उलटा:
फ्लुओराइड जितकं जास्त, तितका लाल फिका.
रंगाचा बेरंग होतो
आणि मोजायचा असतो तो बेरंगच.

आकडा आलेखाच्या रेघेखाली घसरतो.
ती एक भाग पाणी, नऊ भाग शुद्ध असं पुन्हा घेते,
आलेल्याला दहाने गुणते.
नऊ पूर्णांक चार.
चालतं दीडपर्यंत.

काचेतला रंग घालवणारं हे पाणी
दातांवर मात्र रंग चढवतं,
तपकिरी, आडव्या पट्ट्यांनी,
आठव्या वर्षाआधी प्यालेलं सगळं
टिपून ठेवतं.
हसतील त्यांचे दात दिसतील,
ही म्हण तिला कुणी सांगितलेली नाही.
ती फोटोत हसत नाही, एवढंच.

दोन्ही कुप्या ती खिडकीत धरते.
एक लालभडक, एक धुतल्यासारखी.
"म्हणजे आमचंच जास्त स्वच्छ!"
गमेचू म्हणतो आणि खो खो हसतो,
दोन्ही ओळी दिसतात.
ती सांगू बघते: अंगावर घ्या, जनावरांना नको,
पोरांना तर हाडांच्या कोळशातून गाळूनच...
पण आधी तिलाही हसू येतं,
हात तोंडाशी न्यायचा राहून जातो.

मग वीज गेली.
नोंदवहीत नऊ आणि टिंब,
चारासाठी पेन अजून वर.