डावा खांदा

पर्वरीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान,
आम्ही चौघं चाळीस फुटी यंत्रं लढवतो.
माझं काम वजनाचं.
तोफेला किती टन, ढालीला किती,
कुठलं हत्यार कुठल्या खाचेत बसेल
आणि कुठल्या खाचेत हट्टाने बसणार नाही.
दोन हात, दोन खांदे, एक पाठ.
एकूण भार साठ टन.
एकसष्ट झाले की यंत्र उभंच राहत नाही.

मार्चमध्ये आकडे आले:
शंभरातले ब्याऐंशी जण
उजव्या खांद्यावर तीच लांब नळीची तोफ लावतात
आणि डावा मोकळा ठेवतात, वेगासाठी.
बाकी सदतीस हत्यारं,
मी जागून घडवलेली,
गोदामात, कोरी, हात न लागलेली.
आल्वितो म्हणाला, तोफेचा मार कमी कर.
दहाचे आठ.
लोक आठवडाभर शिव्या देतील, मग दुसरी तोफ शोधतील.

तो आकडा खोडायच्या आधी
शनिवारी डिचोलीला गेले.
पप्पांनी एकवीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला.
खाण बंद झाल्यावर ट्रक विकला,
ताडपत्री ठेवली, ती अजून सरपणावर असते.
त्यांच्या हातात कंट्रोलर दिला.
शत्रूकडे त्यांनी पाहिलंच नाही.
यंत्र चालवलं, थांबवलं, परत चालवलं,
जुनी गाडी घेण्याआधी बघावी तसं.
मग म्हणाले,
"गो बाय, सगळो भार एकाच खांद्यार,
आनी हो सरळ कसो चलता?"

काय सांगणार.
सरळ चालतो, कारण वाकडं चालायला आम्ही शिकवलंच नाही.
साठ टनांची बेरीज होती.
साठ टन कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.
पप्पांना काट्यावरची चिठ्ठी कधी पुरली नाही.
पाट्यांच्या कुरकुरीवरून ते सांगायचे,
लोडरवाल्याने डावीकडे बकेटभर जास्त टाकलंय,
आणि आमोण्याच्या वळणावर
अख्खं अंग स्टिअरिंगवर टाकायचे.
रात्री आई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची,
फक्त उजव्या.
चपलाही एकाच बाजूने झिजायच्या.

मी नवा नियम लिहिला: कल.
तोफेचा मार दहाच ठेवला.
फक्त एक खांदा जड झाला की
यंत्र त्या पायावर किंचित बसतं,
नेम केसभर सुटतो,
जड बाजूला चटकन वळतं, हलक्या बाजूला कुरकुरत.
बुधवारी रात्री सोडला.
गुरुवारी पोदेराचा भोंगा वाजायच्या आत
अकराशे तक्रारी.
"माझं यंत्र लंगडतंय."
"हे कुठल्या गाढवाचं डोकं?"
गाढवाचंच. ओझं त्यालाच कळतं.
कुणीतरी मोकळ्या खांद्यावर
दारूगोळ्याची रिकामी पेटी टांगून तोल साधला.
पेटी महाग करू, असं ऑफिसात निघालं.
मी नको म्हटलं.

आणि मग शिरोड्याचा रुझार, वय सतरा.
त्याने उजवा हात, उजवा खांदा
मावेल तेवढा भरला, डावीकडे काही म्हणजे काही नाही.
यंत्र पडता पडता राहतं,
पडायचं म्हणून वळतं, वळतं म्हणून पडत नाही,
शत्रूभोवती भिंगरीसारखं,
आणि त्याच्यावर नेम धरताच येत नाही.
सलग एकोणतीस सामने.
पुढच्या आठवड्यात निम्मी मंडळी उजवीकडे पडत होती.
आल्वितो म्हणाला, घे तुझं संतुलन.

पप्पांना व्हिडिओ पाठवला.
रात्री त्यांचा आवाज आला, मागे पंख्याची घरघर:
"ह्या भुरग्याक गाडी दिवंक जाय."
बराच वेळ नुसता पंखा.
"ना, दिवंक फावना."

आता कलाच्या रकान्यावर बोट ठेवून बसले आहे.
शून्य पूर्णांक सहा.
पाच केलं तर रुझार पडेल.
सात केलं तर सगळेच रुझार.
खाली टायरवाला कुणाचं तरी चाक उतरवतोय,
आतल्या कडेला तार दिसेपर्यंत झिजलेलं,
बाहेरून नवं.
त्याला विचारून येते.