मुंजा पेंटर

जिंतूर रोडला, वाजीदच्या गॅरेजात
गाडी ठोकळ्यांवर उभी, चाकं भिंतीला टेकून.
गुत्तेदार म्हणतात, नवे अलॉय घातले,
तर जाळीतून आतलं तांबडं दिसायलंय.

तारेच्या ब्रशनं गंज झाडला, थिनरनं पुसलं.
पॅड जिथं धरतो ती जागा टेपनं झाकली.
तिथं रंग चालत नाही.
गुत्तेदारांना तेवढंच पटेना :
"पैसे देतो ना, सगळंच चमकू दे की."
वाजीद म्हणाला, मग गाडी थांबायची कुठं,
परभणीत का जिंतुरात?

मधली टोपी, बाहेरची कड.
उष्णतेला टिकणारा चंदेरी, पातळ, दोन हात.
कड फिरवताना श्वास आपोआप धरला जातो,
पाट्या रंगवायचो तेव्हा 'ळ' काढताना धरायचो तसा.
स्टेशन रोडचे निम्मे ळ माझे होते.
केळीची वखार, डाळ मिल, बाळंतिणीचा दवाखाना.

मग फ्लेक्स आला.
डाळ मिलवाल्यानं तो माझ्याच पत्र्यावर ठोकला,
चार कोपऱ्यांत चार खिळे.
त्या भोकांतून पाणी जात असेल.

टेप ओढली. मधला पट्टा उघडा, राखाडी.
रात्री दव पडलं तर सकाळी त्यावर पिवळट साय धरेल
आणि पहिल्या ब्रेकला निघून जाईल.
"त्याला काही होत नाही," वाजीद म्हणतो,
"रोज घासतंय ते."

पाटीला खाली उजवा कोपरा असायचा.
गोलाला कोपरा नसतो.
डाव्या डिस्कच्या टोपीवर, चाकाखाली जाईल तिथं,
बारक्या ब्रशनं नाव घातलं.
फोन नंबर नाही घातला.